तेवीस नंबरचा डिंक

नंदकुमार टिपणीसला मुलुंड पूर्वेत संशोधक म्हणून जो मान मिळाला, तो साधारण साडेचार महिने टिकला. त्यातले पहिले दोन महिने त्याने कशाचंच संशोधन केलेलं नव्हतं, आणि मान सगळ्यात जास्त तेव्हाच होता.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सहा महिने एखाद्या कारखान्यात काढावे लागत. बहुतेकांना प्रॉडक्शन मिळे, म्हणजे हेल्मेट घालून मोठ्या टाक्यांकडे बघत उभं राहणं. नंदकुमारच्या पत्रावर मात्र ‘रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ असं टाइप केलेलं होतं. त्याच्या आईने, म्हणजे विमलाबाईंनी, त्याचं ‘संशोधन’ असं भाषांतर केलं आणि संध्याकाळपर्यंत ते स्नेहवर्धिनी सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर पोचवलं. तळमजल्यावर बातमी गेली तेव्हा त्यात अणुशक्तीचा अंश आला होता. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत रेगे सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना गुपितांचा आदर होता. ते जिन्यात नंदकुमारला थांबवून हळूच म्हणाले, “सांगता येत नसेल तर सांगू नकोस. फक्त एवढं सांग, आपल्या बिल्डिंगला काही धोका?”

नंदकुमारने नाही म्हणून सांगितलं. त्या वेळी त्याचा तसा प्रामाणिक समज होता.

कारखाना भांडुपला होता आणि तिथे डिंक बनत असे. ही माहिती नंदकुमारने घरी जरा उशिरा दिली, आणि दिली तीही ‘अ‍ॅडहेसिव्ह्ज’ या नावाने. पहिल्या दिवशी गेटवर त्याला अडवलं, कारण आत जायला पास लागे आणि पास आतल्या ऑफिसात मिळे. या प्रश्नाचं उत्तर निघायला पावणेदोन तास गेले. मग सेफ्टी बूट. त्याचा पाय सहा नंबरचा आणि स्टोअर्समध्ये फक्त नऊ नंबर. स्टोअर्स सांभाळणारे चंद्रप्रकाश म्हणाले, “घाला. मधे वर्तमानपत्र भरा. सगळे संशोधक तसंच करतात.” त्यामुळे भारतातल्या औद्योगिक संशोधनात नंदकुमारने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा आत चुरगळलेल्या कागदाचा आवाज झाला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या वसुधा कारखानीस. पन्नाशीच्या, सुती साडी, वर पांढरा कोट, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देण्याची सवय; मुंबईत ती फार कमी लोकांना असते. नंदकुमारने आपल्याला पॉलिमरमध्ये काहीतरी मूलभूत करायची इच्छा असल्याचं सांगितलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याच्यासमोर कागदी पाकिटांचा एक गठ्ठा ठेवला.

“उघडा बघू यातलं एक.”

नंदकुमारने उघडायचा प्रयत्न केला. सगळी आपोआप चिकटली होती. एक फाटलं, दुसरं फाटलं, तिसऱ्याचा नुसता कोपरा हातात आला.

“आणि ही दुसरी बंद करा.”

ती बंद होईनात. जीभ लावली, दाबलं, वर बाटली ठेवली. बाटली काढल्यावर पाकिटाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं.

“पाकिटाचा डिंक,” बाई म्हणाल्या. “आपल्या हवेत नको तेव्हा चिकटतो आणि हवा तेव्हा सुटतो. नऊ वर्षं मी हा प्रश्न सोडवत्येय. माणूस पाकिटात स्थळाची पत्रिका घालतो, नोकरीचा अर्ज घालतो, आणि एका बोटभर डिंकाच्या भरवशावर ते डब्यात टाकतो. तुम्हाला सहा महिने आहेत. बघा काही जमतंय का.”

नंदकुमारला मनातून फार लागलं. पॉलिमर कुठे आणि पाकीट कुठे. पण बाईंनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं, की हसायची चोरी झाली.

प्रयोगशाळेत तिसरं माणूस होतं ते दशरथ पेडणेकर. हुद्दा हेल्पर. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, आयुष्य लालबागच्या गिरणीत गेलेलं. तिथे विणण्याआधी सुताला खळ लावतात त्या सायझिंग खात्यात ते होते. संप झाला, गिरणी बंद पडली, चौदा महिने घरी बसले आणि मग इथे आले. खळ काय आणि डिंक काय, दोन्हींचं मूळ पिठातच. पेडणेकर उकळता डिंक लाकडी पट्टीवर घेत, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून उघडझाप करत आणि छताकडे बघत. एवढंच.

डिंकाचा घट्टपणा मोजायला प्रयोगशाळेत एक परदेशी यंत्र होतं. ते चालवायला नंदकुमार आठवडाभर शिकला. पहिल्यांदा आकडा काढून तो विजयी मुद्रेने वळला, तर पेडणेकर पट्टी धूत होते.

“पातळ आसा,” ते म्हणाले.

“यंत्र बरोबर दाखवतंय.”

“यंत्र काय म्हणता ता लिही, झिला. पण पातळ आसा.”

नंदकुमारने यंत्र तपासलं. आतली तबकडी तिरकी बसली होती. त्याने ती सरळ करून पुन्हा मोजलं. पातळ होता.

हे पाच-सहा वेळा झाल्यावर नंदकुमारने एक गुप्त वही केली. एका रकान्यात यंत्राचा आकडा, दुसऱ्यात पेडणेकरांचं बोट. पेडणेकर कुठे चुकतात हे शोधून काढायचं असा त्याचा शास्त्रीय हेतू होता. महिनाभरात बोट एकदा चुकलं, आणि त्या दिवशी पेडणेकरांना ताप होता.

दरम्यान सोसायटीत डिंकाचा शोध लागला. विमलाबाईंनी ही गोष्ट धीराने घेतली, पण शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणाकाकूंनी भाताची पेज सुचवली. त्यांच्या माहेरी सगळी पत्रं पेजेनेच चिकटवत, आणि एकही परत आलं नव्हतं. रेग्यांनी सरकारी लाखेचे गुण सांगितले. रोज कामावरून येताना नंदकुमारला जिन्यात किमान दोन पाककृती मिळत. त्याहून वाईट म्हणजे त्याला चव बघावी लागे. पाकिटाला जीभ लागणार, तर चव बरी हवी, असं बाईंचं म्हणणं होतं, आणि त्या स्वतः रोज वीस पाकिटं चाटून प्रत्येकाला दहापैकी गुण देत. नंदकुमारही वीस चाटे. जेवायला बसल्यावर आईने भाजी कशी झाली म्हणून विचारलं, तर त्याच्या तोंडून “सहा” असं निघून जाई. दुसऱ्या दिवशी विमलाबाईंनी त्याच्या डब्यात नुसती पोळी दिली.

एप्रिलमध्ये तेवीस नंबरचा नमुना झाला. भाजलेल्या मक्याच्या पिठाचा डिंक वाळला की तडकतो, म्हणून त्यात थोडा ओलावा धरणारं काहीतरी घालावं लागतं. नंदकुमारने साखरेचा पाक घातला. जरा जास्तच घातला. पण काय डिंक झाला. रंग मधासारखा, चव साडेआठ, आणि पाकीट असं बंद होई की कागद फाटेल पण जोड सुटणार नाही. बाईंनी दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे. आता तीन आठवडे दमट कपाटात ठेवा.”

पेडणेकरांनी बोटांची उघडझाप केली. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ छताकडे बघत होते.

“आज धरता,” ते म्हणाले. “पण ह्येका घाम फुटलो काय जो गावात तेका धरतलो.”

घाम फुटला की जो सापडेल त्याला धरेल म्हणे. नंदकुमारला वाटलं, हे जुन्या माणसाचं नव्याला नावं ठेवणं. तीन आठवडे थांबायचं म्हणजे काय. शोध लागला तो लागला.

नेमकं त्याच आठवड्यात रेग्यांच्या अनुपमाचं लग्न ठरलं. मेअखेरचा मुहूर्त, साडेतीनशे पत्रिका. रेग्यांची हौस अशी, की प्रत्येक पाकिटात चिमूटभर अक्षता घालायच्या. अक्षता घातल्या की पाकीट बंद करणं आलं, आणि त्यांनी सवलतीत आणलेली हातकागदाची सुरेख पाकिटं बिनडिंकाची होती. ते संध्याकाळी वर आले, चहा घेतला आणि म्हणाले, “नंदू, आपला डिंकवाला घरात असताना मी बाजारातला डिंक आणू का रे?”

या वाक्यात ‘डिंकवाला’ हा शब्द नसता तर पुढचं सगळं टळलं असतं. गेले दोन महिने नंदकुमारच्या मानाला जी ओहोटी लागली होती ती या एका शब्दात तळाला गेली. तो म्हणाला, “काका, बाजारातला कशाला? मी माझा आणतो.”

बाई दोन दिवस पुण्याला गेल्या होत्या. नंदकुमारने तेवीस नंबरची एक लिटरची बाटली घेतली आणि कारण म्हणून ‘फील्ड ट्रायल’ लिहिलं. चंद्रप्रकाशांनी दोन पास पुढे केले. गुलाबी पास म्हणजे माल परत येणार, पांढरा म्हणजे येणार नाही.

“पांढऱ्याला बाईंची सही लागते. गुलाबीला माझी चालते,” ते म्हणाले. “परत येणार ना?”

“येणार,” नंदकुमार म्हणाला, आणि गुलाबीवर सही केली. एकदा लावलेला डिंक परत कसा आणायचा याचा विचार त्याने पुढे ढकलला.

रविवारी सकाळी रेग्यांच्या हॉलमध्ये चटया पसरून पाकिटं बंद करण्याचा कार्यक्रम झाला. सल्ला द्यायला सगळी सोसायटी हजर होती आणि काम करायला निम्मी. नंदकुमार पांढरा कोट घालून मधे उभा होता. “पातळ लावा, काठाबाहेर जाऊ देऊ नका,” असं तो सांगत होता. पण फुकटचा डिंक पातळ कोण लावतो? सुलक्षणाकाकूंनी तर आंबोळीला तेल सोडावं तसा सगळीकडून सोडला. दुपारपर्यंत साडेतीनशे पाकिटं बंद झाली. रेग्यांनी एक ओढून पाहिलं, ते उघडेना, आणि त्यांनी सगळ्यांदेखत नंदकुमारच्या पाठीवर थाप मारली. बाहेरगावची शंभर पाकिटं लगेच कोपऱ्यावरच्या लाल डब्यात पडली. मुंबईतली अडीचशे त्यांनी ट्रंकेत रचून कॉटखाली सरकवली. मुंबईच्या माणसाला लवकर आमंत्रण दिलं तर तो तारीख विसरतो, हा त्यांचा नोकरीतला अनुभव.

मे महिन्यात मुलुंडची हवा कशी असते हे मुलुंडकरांना सांगायला नको. आठ दिवस सगळ्या सोसायटीला घाम फुटत होता. त्यात कॉटखालच्या ट्रंकेलाही फुटला.

नवव्या दिवशी सकाळी टपाल खात्याचा शिपाई एक छापील चिठ्ठी घेऊन आला: श्री. रेगे यांनी पोस्टमास्तरांसमोर समक्ष हजर राहावे. नोकरीत असतानासुद्धा रेग्यांना अशी चिठ्ठी कधी आली नव्हती. जाण्याआधी पुरावा हाती असावा म्हणून त्यांनी ट्रंक ओढली आणि वरची पत्रिका उचलली. तिच्याबरोबर उरलेल्या दोनशे एकोणपन्नास आल्या. ट्रंकेच्या आकाराची एक भक्कम वीट झाली होती. कडेने मुंग्यांची रांग होती. साखरेचा पाक त्यांना मानवला होता.

रेगे ओरडले नाहीत. ते विटेकडे बघत कॉटवर बसले आणि म्हणाले, “नंदू, बारा दिवस राहिलेत रे.” तेवढ्यात अनुपमा आतून आली. तिने वीट पाहिली, तोंडावर पदर घेतला आणि परत आत गेली. नंदकुमारला वाटलं ती रडतेय. ती हसत होती, हे त्याला पुष्कळ दिवसांनी कळलं; त्या वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं.

भांडुपला पोचेपर्यंत त्याने तीन राजीनामे मनात लिहिले. आपण नोकरीतच नाही, त्यामुळे राजीनामा देता येत नाही, हे त्याच्या गेटवर लक्षात आलं. तो सरळ बाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, गुलाबी पास, पोस्टाची चिठ्ठी, वीट, मुंग्या. बाईंनी नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकलं. मग पेन्सिल घेतली.

“ट्रंक पत्र्याची की लाकडाची?”

“पत्र्याची.”

“आडवी रचली होती की उभी? आणि वरची जास्त चिकटली की खालची?”

नंदकुमारला हे बघायचं सुचलंच नव्हतं.

“मग चला, बघू,” त्या उठल्या. “प्रयोग फसला त्याचं काही नाही, टिपणीस. फसलेला इथे दिसावा म्हणूनच तर आपण करतो. बाटली मला न विचारता बाहेर गेली, ती चूक. त्याबद्दल मी नंतर बोलेन. पेडणेकर, तुम्ही पण चला.”

आधी पोस्टात गेले. रेगे तिथे बाकावर बसले होते, हातात पिशवी, पिशवीत पेन्शनची कागदपत्रं, कशाला कोण जाणे. पोस्टमास्तरांच्या टेबलावर टपालाचा एक गोळा ठेवला होता. बाकीच्या पत्रिका पुढे गेल्या होत्या; या डब्याच्या तळाला चिकटून राहिलेल्या आणि परवाच हाती लागलेल्या तीस-पस्तीस, आणि त्यांना सगळ्या बाजूंनी धरून बसलेली लोकांची पत्रं, पोस्टकार्डं, एक विम्याची नोटीस.

“टपालाला टपाल चिकटवणं,” पोस्टमास्तर म्हणाले, “याला कुठलं कलम लावायचं ते मी काल दिवसभर शोधतोय. मिळत नाहीये. पण मिळेल.”

“आमच्या प्रयोगशाळेतल्या डिंकाचा दोष आहे,” वसुधाबाई म्हणाल्या. “यांचा काही संबंध नाही. कागद द्या, मी लेखी देते.”

आणि त्यांनी खरंच दिलं. ‘दोष माझ्या देखरेखीखालील नमुन्यात होता,’ असं लिहून खाली पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता. नंदकुमार बाजूला उभा राहून वाचत होता. त्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं. शाळेपासून त्याने कितीतरी मोठ्यांना जबाबदारी झटकताना पाहिलं होतं. इतक्या सहज, एका ओळीत अंगावर घेताना कोणाला पाहिलं नव्हतं. त्याने खाली बघितलं. बुटातला कागद जरा बाहेर आला होता.

पोस्टमास्तरही तो कागद हातात आल्यावर जरा वरमले. लेखी मिळेल याची त्यांना सवय नव्हती.

तोवर पेडणेकरांनी गोळा उचलून दिव्याखाली धरला होता. एका शिपायाने ओला स्पंज पुढे केला. पेडणेकरांनी तो बाजूला सारला.

“ओल्याक हात लावशात तर फाटात,” ते म्हणाले. “गिरणीत सुताक सूत असाच चिकटता. आदी सुकवचा. मगे मधी दांडी घालायची. सुकला काय आपसूक सुटता.”

पोस्टमास्तरांचा टेबललॅम्प वाकवून त्याच्या उबेत त्यांनी गोळा ठेवला. तासभर ते तो फिरवत राहिले, पापड भाजावा तसा, मधूनमधून कडेला बोट लावत. मग खिशातून बांबूची पातळ पट्टी काढली, दोन पाकिटांच्या मधे सरकवली आणि किंचित पिळली. टक् असा बारीक आवाज झाला आणि पाकीट सुटलं. कागदाला ओरखडा नाही. मग दुसरं. खिडकीवर रांगेत उभी असलेली माणसं रांग सोडून आत डोकावू लागली. पोस्टमास्तर खुर्चीतून उठून पेडणेकरांच्या बाजूला उभे राहिले आणि कलमाचा विषय मागे पडला.

विसाव्या की एकविसाव्या पाकिटाला पेडणेकर थांबले. लांबट खाकी पाकीट होतं, घाटकोपरचा पत्ता, वर ‘मुलाखतपत्र: तातडीचे’ असा शिक्का. टाकलेल्याला नऊ दिवस झाले होते.

“ह्या आज जावक व्हया,” ते म्हणाले.

“उद्याच्या डाकेत टाकतो,” पोस्टमास्तर म्हणाले.

“उद्या नको. आज.” पेडणेकरांचा आवाज चढला नव्हता. पण ते एकदम शुद्ध बोलायला लागले, आणि ते नंदकुमारला ओरडण्यापेक्षा जास्त जाणवलं. “साहेब, मी चौदा महिने अशा पाकिटाची वाट बघितली आहे. रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा राहायचो. आज पाठवा.”

नियमाप्रमाणे टपाल बाहेरच्या माणसाच्या हाती देता येत नव्हतं, आणि दुपारच्या वाटपाची वेळ टळली होती. पोस्टमास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तार वाटणाऱ्या माणसाला बोलावून ते पाकीट त्याच्या हातात दिलं. “सायकल काढ,” ते म्हणाले, “आणि सही घेऊन ये.” संध्याकाळी तो सही घेऊन आला. मुलाखत अजून दोन दिवसांवर होती. ती उमेदवार, राधा कुणी म्हणून, दारातच खाली बसली होती म्हणे.

ट्रंक मात्र कारखान्यात न्यावी लागली, कारण ती सुकवायला मोठं गरम कपाट तिथेच होतं. गेटवर चंद्रप्रकाशांनी गुलाबी पासची प्रत काढली. वीट तोलली. पाकिटांचं आणि पत्रिकांचं वजन वजा केलं, मुंग्यांचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली, आणि शेवटी त्यांनी ‘माल परत, घन स्वरूपात’ असा शेरा मारून पास बंद केला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आपला एकही गुलाबी पास उघडा राहिलेला नाही, असं ते म्हणाले, आणि तेवढं बोलताना त्यांची मान ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेगे पती-पत्नी, विमलाबाई आणि सुलक्षणाकाकू स्वेटर विणायच्या सुया घेऊन भांडुपला हजर झाले. गेटवर चौघांचे पास झाले. प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर सगळे बसले आणि पेडणेकर शिकवत होते: सुई कुठून घालायची, मनगट किती वळवायचं, टक् ऐकू आलं की थांबायचं. सुलक्षणाकाकूंना ही विद्या सगळ्यात आधी आली. वसुधाबाई शेजारी उभ्या राहून कुठलं पाकीट कितव्या थरातलं, किती चिकटलेलं, हे एकेक करून लिहून घेत होत्या. अडीचशेच्या अडीचशे. नऊ वर्षांत इतका मोठा नमुना त्यांना कधी मिळाला नव्हता.

दोनशे अडतीस पत्रिका निघाल्या. बाराच्या अक्षता कागदात रुतल्या होत्या. ती बारा आमंत्रणं नंदकुमारने दहिसरपासून चेंबूरपर्यंत स्वतः फिरून तोंडी केली. प्रत्येक घरी त्याला पत्रिका का नाही ते सांगावं लागलं, आणि प्रत्येक घरी चहा मिळाला. लग्नाला झाडून सगळे आले. काही तर केवळ डिंकवाला बघायला आले होते.

बाई ‘नंतर बोलेन’ म्हणाल्या होत्या त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बोलल्या. दार लावून, सात मिनिटं. काय बोलल्या ते नंदकुमारने कधीच कोणाला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर त्याने पाक निम्म्यावर आणून चोविसावा नमुना केला, दमट कपाटात ठेवला आणि तीन आठवडे कपाटाकडे नुसता बघत बसला. चोविसावाही पूर्ण जमला नाही. पण पाकिटं आपसांत चिकटेनाशी झाली, आणि बाईंनी आपल्या वहीत त्या तारखेखाली दोन रेघा मारल्या. एरवी त्या एक मारत.

अहवाल झाला. पहिल्या पानावर विद्यार्थ्याचं नाव आणि खाली मार्गदर्शकांची नावं. नंदकुमारने तिथे दोन नावं टाइप केली: श्रीमती वसुधा कारखानीस, श्री. दशरथ पेडणेकर. बाईंनी ते वाचलं, सही केली आणि कागद पेडणेकरांपुढे सरकवला. पेडणेकरांनी हात पुसून कागद घेतला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, “‘पेडणेकर’चो ‘णे’ बारीक उठलो हा.” मग सही केली.

कॉलेजात अहवाल घेणारा कारकून तपासून घेणारा होता. त्याच्या छापील तक्त्यात मार्गदर्शकाच्या नावापुढे ‘अर्हता’ असा रकाना होता. बाईंच्या पुढे त्याने पदव्या लिहिल्या.

“यांची?”

“लिहा, सायझिंग. बावीस वर्षं.”

“हे कुठलं?”

“लालबागचं.”

कारकुनाने लिहिलं. रकाना छोटा होता, त्याला अक्षर बारीक करावं लागलं. मग पेन तसंच धरून त्याने वर बघितलं. मागे रांग वाढत चालली होती.

“मान्यताप्राप्त आहे ना?”

“हो,” नंदकुमार म्हणाला.

कारकुनाने शिक्का मारला.